वार्षिक नियोजन कपाटात का राहते? शाळेचा अभ्यासक्रम आराखडा करताना या चुका टाळा

जून उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वार्षिक नियोजनाच्या पीडीएफ फिरू लागतात. डाउनलोड करायची, शाळेचे नाव टाकायचे, प्रिंट काढून फाइलला लावायची, विषय संपला. पुढे केंद्रप्रमुख भेटीला आले की ती फाइल बाहेर येते आणि शेरा लिहून झाला की परत कपाटात जाते. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो आणि अशी फाइल मीही काही वर्षे ठेवली आहे. म्हणून ठामपणे सांगतो, यात शिक्षकांचा आळस नसतो. आराखडा बनवण्याची पद्धतच चुकलेली असते.

पहिली चूक अनुक्रमणिकेपासून सुरू होते. पुस्तकातले पाठ मोजायचे, त्यांना महिन्यांनी भागायचे आणि त्याला नियोजन म्हणायचे. खरे तर सुरुवात अध्ययन निष्पत्तींपासून, म्हणजे वर्षाअखेर मुलाला काय यायला हवे यापासून, व्हायला हवी. त्या काही परक्या नाहीत. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच क्रमांकासह छापलेल्या असतात. 05.71 ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे पाचवीचे गणित. प्रत्येक निष्पत्तीसमोर तीन गोष्टी लिहा: ती कोणत्या पाठांतून येते, आधीच्या इयत्तेतले काय पक्के असावे लागते आणि मुलाला ते आले हे कशावरून कळेल. हे लिहायला बसलात की दिसते, काही निष्पत्ती चार पाठांत येतात आणि एखादी कुठेच नीट येत नाही.

दुसरी चूक दिवस मोजण्यातली. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास सांगितले आहेत. नियोजनात आपण हे सगळे दिवस अध्यापनाचे धरतो. चाचण्या, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामे, अतिवृष्टीची सुट्टी यांना त्यात जागाच नसते. मागच्या वर्षीची हजेरी आणि टाचण वही (रोजच्या पाठाची नोंद) समोर ठेवा, प्रत्यक्ष किती तासिका मिळाल्या ते मोजा आणि त्यावरच यंदाचा आराखडा बांधा.

त्यातही गाव पाहा. बीडमधल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचा वर्ग दिवाळीच्या आसपास विरळ होतो. हंगामी वसतिगृहामुळे काही मुले गावात राहतात, बाकीची आईवडिलांबरोबर कारखान्याकडे जातात. तिथे भागाकार डिसेंबरमध्ये ठेवला तर जी मुले मार्चनंतर परततील त्यांचा भागाकार गेलाच. पायाचे घटक त्यांनी गाव सोडण्याआधी घ्या आणि परतल्यावरचे दोन आठवडे उजळणीसाठी आधीच राखून ठेवा. जिल्ह्याने किंवा तालुक्याने निष्पत्ती समान ठेवाव्यात, तारखा मात्र शाळेवर सोपवाव्यात. द्विशिक्षकी शाळेला तर हे फारच लागू आहे. तिसरी-चौथी एकत्र बसत असेल तर दोन्ही इयत्तांचे मोजमाप एकाच आठवड्यात येऊ द्या, म्हणजे तीच पट्टी आणि तोच दोर दोघांनाही वापरता येतो.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक मात्र पुढची आहे: ठरवलेले लिहायचे आणि झालेले लिहायचेच नाही.

माझ्या पाचवीच्या नियोजनात एका वर्षी अपूर्णांकाला 12 तासिका होत्या. सममूल्य अपूर्णांक सुरू केले आणि वर्ग अडला. एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारल्यावर अर्ध्याहून अधिक हात अष्टमांशाच्या बाजूने वर गेले, कारण आठ चारपेक्षा मोठा. मग कागदाच्या पट्ट्या कापल्या, एकीच्या चार घड्या, दुसरीच्या आठ. उघडून शेजारी ठेवल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, जास्त जण वाटून घेतील तर वाटा बारीक होणारच की!" त्यात आणखी सहा तासिका गेल्या. फाइलमध्ये मात्र "12 तासिका, पूर्ण" असेच राहिले. पुढच्या वर्षी तेच 12 तासिकांचे नियोजन पुन्हा छापले आणि वर्ग पुन्हा तिथेच अडला.

तेव्हापासून माझ्या तक्त्याला एक रुंद, कोरा रकाना असतो. त्यात लाल पेनाने लिहितो: "18 तासिका. पाव-अर्धा पुन्हा घ्यावे लागले. पट्ट्यांपासून सुरू करा." आठवड्याला दहा मिनिटे पुरतात. आराखडा म्हणजे वर्गात घडलेल्याची नोंद. ती नसेल तर हातात फक्त वेळापत्रक उरते. अधिकाऱ्यांनीही अशा लाल नोंदीबद्दल खुलासा मागू नये. "मागे का पडलात?" असा शेरा एकदा आला की पुढे सगळ्या फाइली स्वच्छ येऊ लागतात आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही.

नोंद ठेवली तरी ती टिकवावी लागते. बदली झाली की शिक्षकाबरोबर पेनड्राइव्हही जातो आणि नव्याने येणारा शून्यापासून सुरू करतो. आराखडा शाळेच्या ईमेलच्या ड्राइव्हवर ठेवा, एक प्रत दप्तरी ठेवा, आणि पदभार देताना-घेताना त्याचाही उल्लेख करा.

पुस्तके बदलतात तेव्हा फक्त त्या इयत्तेचे पान बदलून भागत नाही. 2025-26 मध्ये पहिलीचा अभ्यासक्रम बदलला. दुसरीच्या शिक्षकाने त्याच वर्षी पहिलीचे नवे पुस्तक चाळायला हवे, कारण त्या वर्गातून येणारी मुले वेगळ्या क्रमाने शिकलेली असतील.

सगळ्यात दुर्लक्षित सांधा शाळा बदलतानाचा. आमच्याकडची मुले पाचवीनंतर दुसऱ्या संस्थेच्या हायस्कूलला जातात. तिथे अपूर्णांकांच्या क्रिया येतात, आणि शिक्षकांना वाटते की पाचवीत हे झालेच नाही. आता एप्रिलमध्ये आम्ही एक पानी चिठ्ठी पाठवतो: काय पक्के आहे, काय कच्चे आहे, कोणत्या साधनाने समजले. पहिल्या वर्षी चिठ्ठी नेऊन दिली तेव्हा तिथल्या गणिताच्या बाईंनी ती टाचण वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली आणि विचारले, "इंग्रजीची पण मिळेल का?"