नव्या दमदार गाडीचा ब्रेक थरथरतो? डिस्क बदलण्याआधी या चुका टाळा

अटल सेतू उतरून चिर्ल्याकडे जाताना ताशी ९० किलोमीटरच्या वेगावर हलकासा ब्रेक लावला आणि स्टीअरिंग हातात थरथरू लागले, तेव्हा माझ्या गाडीचे जेमतेम १,८०० किलोमीटर झाले होते. गाडी टर्बो पेट्रोल इंजिनाची, मोठ्या डिस्कची (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) आणि १८ इंची अ‍ॅलॉय चाकांची. म्हणजे जिच्या ब्रेकवर भरवसा ठेवूनच आपण चार पैसे जास्त मोजतो, अशा जातीची. सर्व्हिस सेंटरने ‘डिस्क वाकल्या आहेत’ असे सांगून पुढच्या दोन्ही डिस्क वॉरंटीत बदलून दिल्या. थरथर गेली आणि मीही निश्चिंत झालो. मात्र सुमारे ४,००० किलोमीटरनंतर तीच थरथर त्याच वेगाला पुन्हा सुरू झाली. ठाणे आणि नवी मुंबईत अशा गाड्या आता बऱ्याच दिसतात आणि त्यांच्या मालकांकडून व कारागिरांकडून होणाऱ्या चुकाही जवळपास त्याच असतात, म्हणून त्या दुसऱ्या खेपेत जे कळले ते क्रमाने लिहितो.

कंप ब्रेकचाच आहे, हे आधी ठरवा

पाय ब्रेकवर नसतानाही जाणवणारी थरथर ब्रेकच्या माथी मारणे, ही सर्वांत स्वस्तात टाळता येणारी चूक आहे. सरळ आणि गुळगुळीत रस्त्यावर ८० ते १०० च्या दरम्यान वेग स्थिर ठेवला असता स्टीअरिंग हलत असेल, तर संशय व्हील बॅलन्सिंगवर, टायरवर किंवा वाकलेल्या रिमवर घ्यावा. घोडबंदर रोडवर गायमुख घाटातील एक खोल खड्डासुद्धा कमी उंचीच्या टायरमधून थेट रिमपर्यंत धक्का पोहोचवतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-तीन आठवडे हललीच नाही अशा गाडीच्या रुंद टायरला एका बाजूने चपटेपणा येतो आणि पहिले १५-२० किलोमीटर गाडी धडधडते. टायर गरम झाल्यावर ही धडधड सहसा आपोआप जाते.

याच्या उलट, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली जलद टकटक जाणवते, ती एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची असते आणि तो दोष नव्हे. ही टकटक आणि डिस्कचा कंप यांतला फरक ओळखण्यासाठी थोडा हिशेब उपयोगी पडतो. अशा गाडीच्या टायरचा परीघ साधारण २ मीटर असतो, त्यामुळे ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते आणि ५० ला ७ वेळा. डिस्कमुळे होणारा कंप चाकाच्या फेऱ्यांना बांधलेला असतो, म्हणून वेग उतरेल तशी त्याची लय मंदावते. एबीएसची टकटक अशी चाकाच्या फेऱ्यांबरोबर चालत नाही, आणि घसरण संपताच ती थांबते.

पुढचा प्रश्न कंप कुठे जाणवतो याचा. थरथर स्टीअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाके आणि सीटखाली किंवा फ्लोअरमध्ये असेल तर बहुधा मागची चाके, हा ठोकताळा बऱ्यापैकी खरा ठरतो. पेडलचा कंप मात्र कुठल्याही चाकाकडून येऊ शकतो. मागचे ब्रेक तपासण्यासाठी चालत्या गाडीत हँडब्रेक ओढून पाहण्याची जुनी रीत इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत वापरू नये. त्यातील बऱ्याच गाड्यांमध्ये चालताना ते बटण ओढले की आणीबाणी समजून चारही चाकांना ब्रेक लागतो, त्यामुळे मागच्या चाकांविषयी काहीच कळत नाही आणि मागून येणाऱ्या वाहनाला मात्र धोका होतो.

‘डिस्क वाकली’ हे निदान अपुरे का आहे

डिस्क उष्णतेने पापडासारखी वेडीवाकडी होते, अशी समजूत गॅरेजमध्ये इतकी रुजली आहे की मोजमाप घेण्याची गरजच कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. पहिली म्हणजे डिस्क फिरताना आत-बाहेर किती डोलते, म्हणजेच रनआउट. ते चुंबकी स्टँडवर बसवलेल्या डायल गेजने, डिस्क गाडीवरच असताना मोजतात. दुसरी म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे का. ती मायक्रोमीटरने कडेपासून सारख्या अंतरावर, निदान आठ ठिकाणी मोजतात. रनआउटची मर्यादा बहुतेक गाड्यांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, काहींत थोडी जास्त, आणि जाडीत ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला तरी तो हाताला जाणवू शकतो. माणसाचा केसही याहून कितीतरी जाड असतो. त्यामुळे डोळ्यांनी पाहून किंवा बोट फिरवून ‘डिस्क ठीक आहे’ किंवा ‘वाकली आहे’ असे सांगणाऱ्या कारागिराचा अनुभव कितीही मोठा असो, ते मत मोजमापाची जागा घेऊ शकत नाही.

या दोन गोष्टींचा परस्परसंबंध हा साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. नवी डिस्क थोडी डोलत असली तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कारण डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड ज्यात बसवलेले असतात तो सरकता कॅलिपर तिच्याबरोबर किंचित आत-बाहेर होत राहतो. परंतु ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला ओझरता घासून जातो. एका किलोमीटरला चाकाच्या साधारण ५०० फेऱ्या होतात, म्हणजे ४,००० किलोमीटरमध्ये २० लाख वेळा तोच भाग घासला जातो. तिथे धातू झिजतो किंवा पॅडचा थर चढतो आणि जाडी असमान होते. मग ब्रेक दाबल्यावर जाड भाग पॅडला मागे ढकलतो, पातळ भाग येताच पॅड पुन्हा पुढे येतो, आणि ब्रेकची पकड एकाच फेरीत घट्ट-सैल होऊ लागते. हातात जी थरथर येते ती हीच. डिस्क बदलल्यावर काही हजार किलोमीटर सगळे सुरळीत चालून कंप परत आला, तर दोष नव्या डिस्कमध्ये असण्याची शक्यता कमी आणि डिस्क ज्याच्यावर बसते त्या हबमध्ये असण्याची शक्यता जास्त, असे समजावे.

माझ्या गाडीत हेच घडले होते. तुर्भे एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपमध्ये डायल गेज लावले तेव्हा उजव्या डिस्कचे रनआउट ०.११ मिलिमीटर भरले. डिस्क उतरवल्यावर हबच्या सपाट तोंडावर कडेला गंजाचा एक चिवट पापुद्रा दिसला. डिस्क बदलताना तो पुसण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते आणि नवी डिस्क त्याच्यावरच आवळली होती. हबचे तोंड साधारण १४० मिलिमीटर व्यासाचे आणि डिस्क ३४० मिलिमीटरची असेल, तर हबच्या कडेला अडकलेला अवघा ०.०२ मिलिमीटरचा कण डिस्कच्या कडेला जवळपास ०.०५ होऊन उमटतो. म्हणजे एवढ्याशा कणाने सगळी मर्यादा संपते. हब तारेच्या ब्रशने साफ केला, डिस्क एका बोल्टच्या छिद्राने फिरवून बसवली, आणि गेज ०.०३ वर आले. जाडीतला फरक काढण्यासाठी डिस्क मात्र हलकीशी कातून घ्यावी लागली. नवी डिस्क बसवल्यावर गेज लावून पाहायला दहा मिनिटे लागतात. पहिल्याच वेळी ती दिली असती, तर दुसरी खेप टळली असती.

हवेची गन आणि चाकाचे बोल्ट

पंक्चर काढताना, टायर बदलताना किंवा कोटिंगसाठी चाके उतरवल्यावर बोल्ट हवेच्या गनने ‘घर्रर्र’ करून आवळणे आणि त्यावरच काम संपवणे, ही ठाण्यात काय आणि वाशीत काय, रोज दिसणारी गोष्ट आहे. बोल्ट असमान आवळले गेले की चाक आणि हब यांच्यामध्ये सापडलेली डिस्क एका बाजूने जास्त दाबली जाते आणि तिचे डोलणे वाढते. गनने बोल्ट फक्त टेकवावेत आणि शेवटचे आवळणे टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्यानेच, समोरासमोरच्या क्रमाने करावे. बऱ्याच गाड्यांत हा आकडा ११० ते १४० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मालकासाठीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. बोल्ट ‘पुढच्या वेळी सहज निघावेत’ म्हणून त्यांना ग्रीस लावू देऊ नये, कारण तो आकडा कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला असतो आणि ग्रीसमुळे त्याच टॉर्कला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून टॉर्क पुन्हा तपासावा. टॉर्क रेंच काढायला सांगितल्यावर ‘साहेब, वीस वर्षं असंच करतोय’ हे उत्तर हमखास मिळते. अशा वेळी वाद न घालता स्वतःचे रेंच डिकीत ठेवणे मला सोयीचे वाटते.

बाहेरून अ‍ॅलॉय बसवले असतील तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: मधले छिद्र हबवर नेमके बसते का, आणि बोल्टची बैठक, शंकूची की गोल, त्या चाकाशी जुळते का. छिद्र मोठे असल्यास योग्य मापाची रिंग लागते. या जागी चुकले तर कंप ब्रेक लावतानाही येतो आणि न लावतानाही.

पॅड रुळण्याआधी घाट

नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना रुळण्यासाठी पॅडचा अतिशय पातळ, सारखा थर डिस्कवर चढावा लागतो. गाडी हातात आल्याच्या पहिल्याच शनिवारी लोणावळा गाठायचे, परतताना बोरघाट पायाखाली ब्रेक धरूनच उतरायचा आणि खाली खोपोलीच्या आसपास कोंडी लागली की तापलेल्या डिस्कवर पाय रोवून उभे राहायचे, हा कार्यक्रम अनेक जण हौसेने करतात. त्या उभ्या मिनिटांत पॅडचा थर डिस्कच्या एकाच जागी पॅडच्या आकारात उमटतो. तो जाड ठिपका पुढच्या प्रत्येक ब्रेकला जास्त तापतो आणि त्यावर आणखी थर चढतो. ती जागा सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर डिस्कच्या ओतीव लोखंडात तिथे सिमेंटाइट नावाचा कठीण पदार्थ तयार होतो. तो भाग आजूबाजूच्या लोखंडाहून कमी झिजतो, त्यामुळे डिस्क वरवर कातून घेतली तरी उंचवटा काही काळाने पुन्हा डोके काढतो. डिस्कवर निळसर डाग दिसले तर ही शंका घ्यावी.

उत्पादकाने रुळवण्याची पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. दिलेली नसेल तर पहाटे, मागेपुढे वाहन नसताना, ८० वरून २०-२५ पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवणे आणि पुन्हा वाढवणे असे आठ-दहा वेळा करावे. मध्ये कुठेही पूर्ण थांबू नये आणि शेवटी ब्रेकला शक्य तितके न शिवता दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्याव्यात. पाम बीच रोडचे सिग्नल आणि वर्दळ यांमुळे तो यासाठी निरुपयोगी आहे. उलवे किंवा द्रोणागिरीच्या बाजूचे रुंद, मोकळे रस्ते बरे, अर्थात कंटेनरच्या ट्रेलरांची वेळ टाळून आणि वेगमर्यादा पाळून. लगेच पार्क करावी लागलीच तर सपाट जागी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवून, ब्रेक थंड होईपर्यंत पार्किंग ब्रेक टाळावा. घाट उतरताना मुळात गिअर खाली घ्यावा. स्टीअरिंगमागचे गिअर बदलण्याचे पॅडल शिफ्टर नुसते शोभेला दिलेले नसतात.

घाटात पेडल मऊ होऊन खोल जाऊ लागले तर तो प्रकार वेगळा आहे. ब्रेक ऑइल उकळल्याचे ते लक्षण असते. त्यावर डिस्क बदलून काही होत नाही आणि तशी गाडी पुढे दामटूही नये.

खाडी, पाऊस आणि उभी गाडी

पावसाळी रात्रीनंतर डिस्कवर दिसणारा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. तो पाहून घाबरू नये. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर मात्र पॅडखालची जागा आणि उघडी जागा वेगवेगळ्या गंजतात व पॅडचा ठसा डिस्कवर राहतो. नवी गाडी घेताना म्हणूनच निर्मितीचा महिना पाहावा. माझ्या गाडीत निर्मिती आणि नोंदणी यांमध्ये सात महिने गेले होते आणि त्यात सगळा पावसाळा यार्डात उघड्यावर निघाला होता. हबवरचा तो पापुद्रा तिथलाच. घाटातून आल्या आल्या वॉशिंग सेंटरवर तापलेल्या डिस्कवर पाण्याचा फवारा मारू देणेही टाळावे.

लेथवर नेण्याची घाई

डिस्क लेथवर कातणे हा उपाय वाईट नाही, पण हबचे रनआउट न तपासता डिस्क उतरवून बाहेरच्या लेथवर नेली तर ती लेथवर अगदी सरळ होते आणि गाडीवर पुन्हा डोलते. गाडीवरच कातणारे यंत्र मिळाले तर ते उत्तम. किमान जाडी डिस्कवर कोरलेली असते. कातल्यावर डिस्क त्याखाली जात असेल तर विषय संपला. कार्बन-सिरॅमिक डिस्क साध्या लेथच्या जवळही नेऊ नये.

जॉब कार्डवर काय लिहावे

‘ब्रेक व्हायब्रेशन’ एवढेच लिहिलेले जॉब कार्ड ‘तपासले, ठीक आहे’ या शेऱ्यासह परत येते. त्याऐवजी ‘९० वरून हलका ब्रेक लावताच स्टीअरिंगमध्ये थरथर, थंड असताना कमी, दहा-बारा ब्रेकनंतर जास्त, जोरात ब्रेक लावल्यास कमी जाणवते, चाके अमुक किलोमीटरवर उतरवली होती’ असे लिहून घ्यावे आणि टेस्ट ड्राइव्हला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून तो वेग प्रत्यक्ष दाखवावा. दोन्ही डिस्कचे रनआउट आणि जाडीचे आकडे कार्डवर नोंदवण्याची लेखी विनंती करावी. पॅड आणि डिस्क झिजणारे भाग असल्यामुळे त्यांची वॉरंटी गाडीच्या वॉरंटीपेक्षा अनेकदा कमी मुदतीची असते, म्हणून पहिली तक्रार किती किलोमीटरला नोंदवली याला पुढे महत्त्व येते. कंपासकटच गाडी दोन-तीन महिने वापरून मग जाणे या बाबतीत महागात पडते.

माझ्या गाडीचे आता १४,००० किलोमीटर झाले आहेत. दर वेळी चाके उतरली की मी टॉर्क तपासतो आणि मागच्या सर्व्हिसला गेज पुन्हा लावून घेतले, तेव्हा ते ०.०३ वरच होते. पावसात चार दिवस उभी राहिली की पहिल्या दोन ब्रेकना खरखर येते, पण ती मी जॉब कार्डवर लिहीत नाही.