स्प्रिंट संपतो, काम संपत नाही: अ‍ॅजाइल टीमनं या चुका टाळाव्यात

अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत, आणि स्प्रिंट म्हणजे त्यातला काही आठवड्यांचा एक टप्पा. रोज स्टँडअप (टीमची छोटी बैठक) होतं, जिराचा (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बोर्ड अद्ययावत असतो, रेट्रोही (स्प्रिंट कसा गेला याची बैठक) चुकत नाही. तरी रिलीजच्या आदल्या रात्री सगळी टीम जागीच. अशा टीमला मी मीटिंगांबद्दल काही विचारत नाही. तुमचा कोड मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये, किती दिवसांनी मर्ज होतो (मिसळतो), एवढंच विचारते. उत्तर 'स्प्रिंटच्या शेवटी' असं आलं की दुखणं कुठे आहे ते कळतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यांतले केंट बेक आणि रॉन जेफ्रीज त्याआधी क्रायस्लर कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. आधी टेस्ट (कोड तपासणारा छोटा कोड) लिहिणं, जोडीनं कोड करणं, बदल सतत एकत्र आणणं या सवयी तिथेच घट्ट झाल्या. आज अनेक ठिकाणी मीटिंगा तेवढ्या उरल्या आहेत आणि या सवयी गळून गेल्या आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे लांबलेली ब्रँच, म्हणजे मुख्य कोडपासून बरेच दिवस वेगळी ठेवलेली प्रत. दहा दिवस वेगळा राहिलेला कोड मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकमेकांवर आदळणं) येणारच, आणि दोन हजार ओळींचा रिव्ह्यू कोणी नीट वाचत नाही. निदान दिवसातून एकदा तरी मर्ज करा. अर्धवट काम ग्राहकाला दिसू नये म्हणून फीचर फ्लॅग, म्हणजे एखादी सोय चालू-बंद करणारा कोडमधला स्विच, वापरा.

'पण आमची स्टोरी एवढी लहान होतच नाही,' असं लगेच ऐकू येतं. स्टोरी म्हणजे ग्राहकाच्या उपयोगाचं एक छोटं काम. बहुतेक वेळा स्टोरी आडवी कापलेली असते: आधी डेटाबेस, मग एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग), मग स्क्रीन. यातला एकही तुकडा एकटा वापरता येत नाही. बसचं तिकीट रद्द करण्याची सोय करायची आहे असं समजा. आधी फक्त एका प्रवाशाचं तिकीट, सुटण्याच्या एक दिवस आधी, पूर्ण परताव्यासह रद्द होऊ द्या. स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं, पण एवढ्याच प्रसंगापुरतं. वेळेनुसार कपात, एका तिकिटावरचे अनेक प्रवासी, बँकेकडून परतावा अडकला तर काय, या पुढच्या स्टोऱ्या. असं उभं कापणं हे डेव्हलपरचं खरं कौशल्य आहे आणि ते सरावानंच येतं.

दुसरी चूक: 'टेस्ट पुढच्या स्प्रिंटमध्ये लिहू.' मग शेवटच्या दोन दिवसांत सगळं टेस्टरच्या अंगावर पडतं. टेस्ट नसेल तर स्टोरी 'झाली' म्हणायची नाही, हे टीमनं आधीच ठरवावं. जुन्या कोडला टेस्टच नसतील तर सगळा झाकायला जाऊ नका. बग आला की तो पकडणारी, नापास होणारी टेस्ट आधी लिहा, मग दुरुस्ती करा. ज्या भागाला हात लागतो तिथे जाळं आपोआप विणलं जातं.

टेस्ट कधी पास, कधी नापास होत असेल तर तिचा क्रम बदलून पाहा. एकमेकींच्या डेटावर अवलंबून असणं, आजची तारीख वापरणं, ठरावीक सेकंद थांबणं, ही नेहमीची कारणं. अशी टेस्ट त्याच दिवशी बाजूला काढा. लाल बिल्डकडे, म्हणजे टेस्ट नापास झाल्याच्या इशाऱ्याकडे, दुर्लक्ष करायची सवय लागली की खऱ्या चुकाही त्यातून सुटतात.

व्हेलॉसिटीचं, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटांच्या बेरजेचं, टार्गेट करू नका. पॉइंट म्हणजे काम किती मोठं आहे याचा टीमनं लावलेला अंदाज. पॉइंट वाढवून लावले की आकडा वाढतो, काम तेवढंच राहतं. दोन टीमची तुलना तर अजिबातच नको.

स्टँडअप मॅनेजरला हजेरी देण्यासाठी नसतं. काल काय, आज काय, अडचण काय, हे तीन ठरावीक प्रश्न स्क्रम गाइडच्या (स्क्रम या अ‍ॅजाइल पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेच्या) २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकले आहेत. बोर्डाच्या उजव्या टोकापासून सुरुवात करा: संपत आलेलं काम कशावर अडलंय आणि आज त्याला कोण हात लावणार?

आपल्याकडे ज्युनिअर मुलं 'अडलंय' म्हणायला दोन-दोन दिवस घेतात, कारण सरांसमोर कमी पडल्यासारखं वाटतं. सिनिअरनंच स्टँडअपमध्ये आपली अडचण आधी सांगावी. अंदाज देतानाही सगळ्यांनी आकडा एकाच वेळी दाखवावा. नाहीतर पहिला आकडा सरांचा येतो आणि बाकीचे त्याच्याच मागे जातात.