मुरुमांवर व्हिटॅमिन सी आणि ई: सोलापूरच्या उन्हात कसं वापरायचं

चेहऱ्यावर सुटणाऱ्या तेलात साधारण 12 टक्के स्क्वॅलीन (एक स्निग्ध पदार्थ) असतं आणि उन्हानं, धुरानं सगळ्यात आधी खराब होतं ते हेच. त्याचं ऑक्सिडेशन झालं, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडलं, की छिद्राच्या तोंडाशी पेशी साचतात, छिद्र बुजतं आणि आत जिवाणू वाढतात. त्यांना मारायला आलेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे दाहक रेणू सोडतात, त्यानं लाली आणि सूज वाढते. तेलासोबत शरीर व्हिटॅमिन ईसुद्धा सोडतं आणि वापरलं गेलेलं ई परत कामाला लावतं ते सी. म्हणून ही जीवनसत्त्वं उपयोगाची आहेत, पण औषधांच्या जोडीला. नुसत्या सिरमवर मुरुमं जात नाहीत.

सकाळी सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा. जाड सोलापुरी टॉवेलनं घासू नका, टिपून घ्या. मग सोडियम अस्कॉर्बिल फॉस्फेटचं (व्हिटॅमिन सीचं सौम्य रूप) 5 टक्क्यांचं सिरम, तीन-चार थेंब. अस्कॉर्बिक ॲसिडचं, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सीचं, सिरम (10 ते 15 टक्के) चालतं, पण ते त्वचेत मुरायला पीएच 3.5 च्या खाली, म्हणजे सिरम बरंच आम्लधर्मी, लागतो, त्यामुळे सुजलेल्या मुरुमांवर चरचरतं. शिवाय ते उष्णतेनं लवकर बिघडतं. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीपार असतो, तेव्हा बाटली खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत राहिली तर संपलीच. फ्रिजच्या दारात ठेवा आणि रंग बघत जा: फिकट पिवळं असेपर्यंत ठीक, कोऱ्या चहासारखं तपकिरी झालं की फेकून द्या. वरून 30 एसपीएफचं सनस्क्रीन, दोन बोटांभर. हे वगळलं तर सिरमचे पैसे वाया.

रात्री ॲडापॅलीन (छिद्रं बुजू न देणारं मुरुमांचं औषध) 0.1 टक्के जेल, हरभऱ्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला. एकेका मुरुमावर टिपके देऊन उपयोग नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा. गरोदरपणात किंवा तसा विचार असेल तर लावू नका. पुवाचे मुरूम असतील तर बेंझॉईल पेरॉक्साईड 2.5 टक्के. हे स्वतःच ऑक्सिडेशन करून जिवाणू मारतं, म्हणून सी सकाळी आणि हे रात्री. रंगीत टॉवेलवर, उशीच्या अभ्र्यावर लागलं तर रंग उडतो, पांढरेच वापरा.

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून तोंडाला चोळायची पद्धत सोडाच. ते तेल दाट असतं, तेलकट त्वचेची छिद्रं आणखी बुजतात. लिंबू चोळून उन्हात गेलात तर त्वचा भाजते आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

पोटातून काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज 65 ते 80 मिलिग्रॅम सी लागतं. एक पेरू पुरतो. ई शेंगाचटणीतून आणि करडईच्या तेलातून मिळतं. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, डाळिंबात अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडेशन रोखणारे पदार्थ) भरपूर आहेत, जरूर खा. मात्र ते मुरुमांचं औषध नाही. व्हिटॅमिन बी12 ची इंजेक्शनं सुरू झाल्यावर अचानक मुरुमं उठली तर ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. या काळात मेडिकलवाल्यानं दिलेलं स्टिरॉइड-मिश्रित क्रीम लावू नका: चार दिवस चेहरा उजळतो, मग मुरुमं दुप्पट होतात. दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर बारा आठवडे थांबू नका, लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.