लकव्यानंतर एएफओ घालून चालायचं कसं, आमच्या घरचा अनुभव

आण्णांना लकवा आला, डावी बाजू गेली, हळूहळू उभे राहायला लागले पण पंजा लोंबतच राहिला, पाऊल उचललं की बोटं खाली आणि उंबरठ्याला ठेच ठरलेली, मग ते आख्खा पाय बाहेरून गोल फिरवून टाकायचे. याला फूट ड्रॉप म्हणतात. फिजिओने एएफओ सांगितला, पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा साचा, पंजा खाली पडू देत नाही. कडक असतो, बिजागरीवाला असतो, पातळ लवचिकपण असतो, आणि कुठला हे पाय किती ताठरतो नि गुडघा किती धरतो यावर ठरतं, त्यामुळे ऑनलाइन साइज बघून मागवू नका. आम्ही मागवला होता, माळ्यावर पडलाय.

घालताना खुर्चीत बसवा, गुडघा वाकलेला पाहिजे, ताठ पायात टाच बसतच नाही. आधी लांब सुती मोजा, एकही चुणी नको. मग टाच पार मागे दाबून घोट्याचा पट्टा आधी आवळायचा, पोटरीचा नंतर. टाचेमागे फट राहिली की आत पाय वर सरकतो, घासतो, आणि सगळं मुसळ केरात.

खरी भानगड बुटांची. आपल्याकडे चपला पडवीत काढायच्या, पण नुसता एएफओ लादीवर सटकतो, त्यामुळे घरात घालायचा वेगळा जोड ठेवा. आईने देवघराजवळ बूट म्हणून दोन दिवस तोंड फिरवलंन, मग आण्णा एकदा घसरता घसरता वाचले तेव्हा गप्प झाली. बूट एक नंबर मोठा, पुढून पूर्ण उघडणारा घ्या, एएफओच्या पायातलं आतलं सोल काढा, दुसऱ्यात राहू द्या, म्हणजे उंचीही जुळते.

पहिल्या दिवशी तासभरच. काढल्यावर टाच, घोट्याची हाडं, पोटरी नीट बघा, लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर परत घालू नका, जिथून केलाय तिथे नेऊन घासून घ्या. पेशंट सांगेल म्हणून थांबू नका, त्या पायाला कळतच कमी असतं, शुगर असेल तर अजूनच. मे महिन्यात घामाने मोजा भिजतो, दुपारी बदला. अचानक पोटरी सुजली, दुखायला लागली तर तडक डॉक्टर.

चालवताना तुम्ही लकव्याच्या बाजूला, जरा मागे. काठी चांगल्या हातात. आधी काठी, मग लकव्याचा पाय, मग चांगला, आणि टाच आधी टेकव असं सारखं सांगत राहायचं. चिऱ्याच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना लकव्याचा. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं, ब्लिचिंग पावडर मारली तरी मला भरवसा नाही, आम्ही चार महिने पडवीतच फेऱ्या मारल्या.

एएफओ घातला म्हणून व्यायाम बंद करायचे नाहीत, तो काढून घोटा हलवणं, पोटरी ताणणं रोज हवंच. दर काही महिन्यांनी फिजिओला दाखवा, पायात जोर आला तर हलका चालतो. कोमट पाणी नि साबणाने पुसायचा, उन्हात किंवा गाडीत ठेवायचा नाही, प्लास्टिक वाकतं. आणि वेल्क्रोत मोज्याचे धागे अडकून पट्टा सुटायला लागतो, जुन्या टूथब्रशने साफ होतो.