ग्रॅफाइटची मूस वापरताय? या चुका टाळा

"तीन हजार डिग्री सोसते म्हणाला होतात, मग चांदीतच कशी गेली?" अशी तक्रार आली की मी आधी मुशीचा, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्याचा, काठ बघतो. पातळ झालेला, बोट फिरवलं की काळी भुकटी. सिंथेटिक ग्रॅफाइट ३,००० अंश सोसतं ते हवा नसेल तेव्हा. हवेत ५०० अंशांच्या आसपासच ते कोळशासारखं जळायला लागतं. तरी लालभडक मूस पंख्याखाली गार करणारे महाभाग आहेतच! मी ओतून झालं की मूस भट्टीतच झाकून ठेवतो. रिकामी तापवत तर कधीच ठेवत नाही.

दुसरी चूक, मुशीत माल थिजू देणं. आमच्या सांगलीकडच्या विटा-खानापूर भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत. त्यातल्याच एका ओळखीच्या दुकानातली गोष्ट. नव्या पोराने संध्याकाळी घाईत तळाशी थोडी चांदी तशीच सोडली आणि सकाळी इंडक्शन भट्टी (मुशीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधल्या विजेने तापवणारी) एकदम फुल्लवर केली. चांदी ग्रॅफाइटच्या चौपट फुगते. ती वितळायच्या आधीच मूस उभी तडकली, मग चांदी वितळून खाली उतरली आणि तिने कॉइलला भोक पाडलं. कॉइलमध्ये पाणी खेळतं. ते वितळलेल्या चांदीखाली अडकलं असतं तर वाफेने सगळं अंगावर उडालं असतं. पोरगं वाचलं, कॉइल गेली. ओतताना मूस पूर्ण निथळू द्यायला असा कितीसा वेळ लागतो?

पावसाळ्यात पडून राहिलेली मूस आधी मंद आचेवर सुकवा. धातूतला मळ काढायला टाकणखार घालाल तो चिमूटभरच. लोखंड, निकेल, प्लॅटिनम, पॅलेडियम ग्रॅफाइटमध्ये वितळवू नका, कार्बन धातूत उतरतो.

आणि ते घरी ग्रॅफाइट बनवायचे व्हिडिओ! पेट्रोलियम कोक आणि डांबराची पिच मळून १,००० अंशांवर भाजली की हाती येतो तो कडक, ठिसूळ कार्बन. त्याचं ग्रॅफाइट व्हायला २,८०० ते ३,००० अंश लागतात. अमेरिकन संशोधक एडवर्ड ॲचेसनच्या विजेच्या भट्टीत कार्बोरंडम (सिलिकॉन आणि कार्बनचं संयुग) जास्त तापलं, सिलिकॉन उडून गेलं आणि मागे ग्रॅफाइट उरलं, त्यावरून त्याने १८९६ मध्ये पेटंट घेतलं. आजही कारखान्यात एक खेप तापून निवायला कित्येक दिवस जातात. पत्र्याच्या पिंपात ते संध्याकाळपर्यंत होणार नाही. मूस विकत घ्या, आणि ती लेथवर तासणार असाल तर व्हॅक्यूम लावा. ती भुकटी वीज वाहते, विजेच्या पॅनेलमध्ये शिरली की शॉर्ट ठरलेला.