आधी अंग नटवा: सणाच्या निमित्ताने अवयवांची नावं शिकवण्याची तयारी

सण जवळ आला की बालवर्गात कागदाच्या कपट्यांचा पसारा सुरू होतो. त्याच पसाऱ्यातून मुलांना अवयवांची नावं शिकवायची असतील, तर आठवडाभर आधी तयारीला लागा. पहिलं काम शब्द निवडण्याचं, कात्री नंतर.

एका बैठकीला सात-आठ शब्द पुरेत. दोन वर्षांचं मूलही 'नाक कुठंय?' म्हटलं की नाकाला बोट लावतं, भले त्याला ते म्हणता येवो न येवो. त्यामुळे लहानग्यांसाठी ओळखीचे चार-पाच आणि नवे तीन घ्या. चार-पाच वर्षांची मुलं असतील तर कोपर, टाच, घोटा, हनुवटी, भुवई अशी चढण ठेवा. मराठीतली एक गोम मात्र आधीच ध्यानात घ्या. 'हात' म्हटलं की खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत सगळंच आलं, 'पाय'चंही तेच. म्हणून दंड, मनगट, तळहात, पोटरी, पाऊल हे शब्द मुद्दाम वापरावे लागतात. मान आणि गळ्याचंही आधी ठरवून ठेवा. एका चिमुरडीने मला भर वर्गात विचारलं होतं, "मान मागे आणि गळा पुढे, मग बाजूला काय?" मी आजही उत्तर शोधतेय.

आता मुख्य उपक्रम. माझं मत विचाराल तर वर्ग सजवण्याआधी अंग सजवावं, कारण सणाला नटताना प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. जुन्या कॅलेंडरची पानं पाठकोऱ्या बाजूने जोडून साधारण १२० सेंटिमीटर लांबीचा कागद करा; तीन वर्षांचं मूल त्यावर हातपाय पसरून आरामात मावतं. मूल झोपलं की भोवतीने पेन्सिल फिरवा. स्केचपेन नंतर, नाहीतर सणाचे कपडे रंगतात. मग कार्डशीटचे टोपी, डूल, हार, कडं, अंगठी, पट्टा, मोजे कापून ठेवा. डिंक नको. चिकटपट्टीचं भेंडोळं करून मागे लावलं की चुकलेली वस्तू काढून पुन्हा लावता येते, आणि चुकणं हाच तर खेळ आहे. "मोजा कानात घालू?" असं गंभीर चेहऱ्याने विचारून बघा. अख्खा वर्ग ओरडून पाऊल दाखवतो.

बोलायची वाक्यंही एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. हे काम कुणी करत नाही आणि तिथेच घोळ होतो. आपण 'डोक्यावर टोपी, गळ्यात हार, कमरेला पट्टा' म्हणत जातो. मुलाच्या कानावर 'डोक्या', 'गळ्या', 'कमरे' पडतं आणि डोकं, गळा, कंबर राहूनच जातात. म्हणून दोन्ही रूपं लागोपाठ म्हणा: "हा गळा. गळ्यात हार." "हा गुडघा. गुडघ्यावर टिकली." डावं-उजवं या वयात मध्ये आणूच नका.

सामानात एक मोठा आरसा हवा. चेहऱ्यावर रंग लावणार असाल तर आदल्या दिवशी मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा आणि पालकांना ॲलर्जीचं विचारून घ्या. चमकी आणू नका. मी एकदा आणली होती. नाक-कान राहिले बाजूला, तासभर डोळे पुसत बसले. तीन वर्षांखालची मुलं असतील तर मणी, बटणं बादच. टॉयलेट पेपरच्या संपलेल्या नळीतून जे आरपार जातं, ते त्यांच्या तोंडात जाऊन घशात अडकू शकतं.

एक गोष्ट पालकांशी आधीच बोलून ठेवा. कागदावरच्या बाहुल्याकडे बघून कुणीतरी 'शूची जागा कुठंय?' विचारणारच. त्या अवयवांना खरी नावं वापरायची ती कोणती, हे ठरलेलं असलं की न हसता, न दटावता उत्तर देता येतं. त्याच ओघात, मुलाच्या मनगटाला कडं बांधण्याआधी "बांधू का?" विचारायची सवय स्वतःला लावून घ्या. नको म्हणालं तर कडं बाहुल्याला. वर्गात कुणाच्या हाताची किंवा पायाची ठेवण वेगळी असेल, तर त्याच्या बाहुल्याची रेघ त्याच्याच अंगाभोवतीने फिरू द्या.

आदल्या संध्याकाळी वस्तू वेगवेगळ्या ताटल्यांत लावा, चिकटपट्टीचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवा. मुलं थांबत नाहीत.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून माणसाचं एक चित्र काढून घ्या. तीन-चार वर्षांच्या मुलांचे हातपाय बहुधा थेट डोक्यातूनच फुटतात. ते सुधारू नका, मागे तारीख घाला. सुट्टीनंतर पुन्हा एक काढून घ्या. पोट तेव्हाही नसेल कदाचित, पण कानात डूल नक्की असतील.