स्वॅप किती भरलंय यापेक्षा किती फिरतंय ते बघा

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात ४ जीबी रॅमच्या लिनक्स संगणकावर बिलं, ब्राउझर आणि हिशोबाच्या दोन-तीन फाइली एकदम उघड्या असतात. यंत्र अडखळलं की कुणीतरी मेमरीचा वापर दाखवणारं 'फ्री -एच' टाकून बघतं, स्वॅपमध्ये (रॅममधलं सध्या न लागणारं ठेवायची डिस्कवरची जागा) दीड जीबी दिसतं आणि घाईने सगळं स्वॅप बंद करणारं 'स्वॅपऑफ -ए' मारलं जातं. हे भर दुपारी कधीच करू नका. स्वॅपमधलं प्रत्येक पान, म्हणजे मेमरीचा छोटा तुकडा, रॅममध्ये परत आणावं लागतं. जागा नसेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही आज्ञा नाकारतं किंवा स्वॅपऑफलाच मध्येच मारून टाकतं, आणि तोवर यंत्र थिजलेलं असतं.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, हळद साठवायची जमिनीतली कोठारं, डोळ्यांपुढे आणा. लगेच विकायची नसलेली हळद पेवात गेली तर दुकान मोकळं राहतं. पेव भरलेलं असणं वाईट नाही. तीच पोती रोज काढायची आणि भरायची वेळ आली तर मात्र धंदा बसतो.

म्हणून आधी दर सेकंदाला आकडे दाखवणारं 'व्हीएमस्टॅट १' चालवा. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. 'एसआय' म्हणजे स्वॅपमधून आत येणारं, 'एसओ' म्हणजे बाहेर जाणारं. थोडा वेळ एसओ वाढून शून्यावर आलं तर काळजी नाही. दोन्ही आकडे मिनिटभर हजारांत राहिले तर रॅम खरोखर कमी पडतेय. कुणामुळे, ते 'प्रॉक' फोल्डरमध्ये त्या त्या प्रक्रियेच्या 'स्टेटस' फाइलीत 'व्हीएमस्वॅप' या ओळीत दिसतं.

काम संपल्यावरही स्वॅपचा आकडा उतरत नाही, याचं कारण साधं आहे. परत आणलेल्या पानाची प्रत कर्नल स्वॅपमध्येही ठेवतं, म्हणजे पान बदललं नाही तर पुन्हा लिहावं लागत नाही. स्वॅप निम्म्याहून जास्त भरलं की कर्नल या प्रती सोडायला लागतं.

सांगलीच्या आयर्विन पुलाला जशी कृष्णेच्या पुराची ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका पातळी, तशा मोकळ्या रॅमलाही खुणा असतात, फक्त उलट्या दिशेने. मोकळी जागा 'लो' खुणेखाली गेली की जागा मोकळी करणारं कर्नलचं 'केस्वॅपडी' जागं होतं आणि 'हाय' खूण गाठेपर्यंत पडद्यामागे जागा करतं. 'मिन'खाली गेली की मेमरी मागणाऱ्या प्रोग्रामलाच थांबून जागा करावी लागते. माउस अडकतो तो बहुधा इथे.

स्वॅप फाइल करताना 'डीडी'ने ४०९६ एमबी शून्यं लिहा. 'एफअ‍ॅलोकेट' काही फाइल सिस्टिमवर भोकं ठेवतं आणि मग स्वॅप चालू करणारं स्वॅपऑन ती फाइल घेत नाही. मालकी रूटची, परवानगी ६००, मग फाइल स्वॅपजोगी करणारं 'एमकेस्वॅप', मग १० प्राधान्यक्रमाने 'स्वॅपऑन -पी १०', आणि तोच प्राधान्यक्रम एफएसटॅबमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या यादीत. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर फाइल रिकामी असतानाच 'चअ‍ॅटर +सी' लावायला विसरू नका.

४ जीबीच्या यंत्रावर त्याआधी २ जीबीचं झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप), प्राधान्य १००, लावावं असं आमचं ठाम मत आहे. मग 'पेज-क्लस्टर' ३ वरून ० करा. ३ म्हणजे एकदम ८ पानं वाचणं. त्याचा फायदा फिरत्या डिस्कला होतो, रॅमला नाही. झेडस्वॅप (स्वॅपमध्ये जाणारी पानं आधी दाबणारी सोय) चालू असेल तर बंद करा, नाहीतर दोनदा दाबणं होतं. 'स्वॅपीनेस' ६० असतो. ती टक्केवारी नव्हे. फाइलींची पानं आणि प्रोग्रामांची पानं यांपैकी कुणाला आधी काढायचं याचा तो कल आहे. कर्नल ५.८ पासून तो २०० पर्यंत जातो. झेडरॅमसोबत १०० च्या वर ठेवा.

स्वॅप रिकामं करायचंच असेल तर सौदे संपल्यावर प्रोग्राम बंद करा, 'फ्री -एच'मधला 'अव्हेलेबल'चा आकडा वापरलेल्या स्वॅपपेक्षा बराच मोठा आहे ना ते बघा, आणि मगच 'स्वॅपऑफ -ए', लगेच मागोमाग 'स्वॅपऑन -ए'.